कोण कोणाच्या पोटात

आमचे मामा नागपूरहून पहिल्यांदा एकटे आले तेव्हाची गोष्ट. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दादा, भिलाईला उतर. पोरं घ्यायला येतील." मामा शाळामास्तर. तीस वर्षं मुलांच्या शुद्धलेखनातले काने-मात्रे मोजलेला माणूस. सगळीकडे थांबत येणाऱ्या पॅसेंजरमध्ये ते खिडकीशी बसले आणि दुर्ग गेल्यावर पाट्या वाचू लागले. पहिली पाटी आली 'भिलाई नगर'. मामा हलले नाहीत. आपल्याला भिलाई सांगितलंय, नगर नाही. दुसरी पाटी 'भिलाई पॉवर हाऊस'. तिथे फलाटावर मी आणि माझा मोठा भाऊ दोन्ही हात हलवत उभे होतो. मामांनीही दारातून प्रेमाने हात हलवला, आणि गाडी त्यांना घेऊन पुढे गेली. तिसऱ्या स्टेशनवर पाटी होती नुसती 'भिलाई'. मागे काही नाही, पुढे काही नाही. मामा समाधानाने उतरले.

आम्ही भिलाई-३ नावाच्या वस्तीच्या बाजूने धापा टाकत तिथे पोचलो तर मामा बाकावर डबा उघडून बसलेले. "पाटी पाहा," ते म्हणाले, "आणि मला सांगा, चुकीच्या स्टेशनवर कोण उभं होतं?"

याला काही उत्तर नव्हतं, अजूनही नाही. (भिलाई-३ आहे तर १ आणि २ कुठे आहेत, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. तेव्हा आम्ही चहा पुढे करतो.)

मामांची चूक काटेकोरपणाची होती. त्याच्या बरोब्बर उलटी, म्हणजे 'भिलाई'ने सुरू होतं ते सगळं भिलाईच, ही ढिलाईची चूक पुढे दोन वर्षांनी मी केली. मामांच्या चुकीने एक डबा स्टेशनवर उघडला गेला. माझ्या चुकीने एकवीस ट्रक रस्त्यावर उभे राहिले.

मी नेटवर्क सांभाळतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ट्रकवाले अजून विसरलेले नाहीत. आमची एक कचेरी भिलाईत, गोदामं रायपूरच्या औद्योगिक पट्ट्यात, त्यातलं मोठं उरल्यात. उरला हे गावाचं नाव आहे, क्रियापद नाही; पण महिनाअखेरीला माल मोजताना दोन्ही अर्थ चालतात. या सगळ्या ठिकाणच्या यंत्रांना एका जागी बसून हुकूम सोडायला आम्ही अँसिबल नावाची व्यवस्था वापरतो. हे नाव उर्सुला ले ग्विन या लेखिकेने १९६६ सालच्या कादंबरीत घडवलं. तिथे अँसिबल म्हणजे ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत क्षणात निरोप पोचवणारं यंत्र. मायकेल डीहान याने २०१२ साली आपल्या प्रणालीला तेच नाव दिलं. कादंबरीतला निरोप प्रकाशवर्षं ओलांडतो. माझा निरोप कुम्हारीचा पूल ओलांडून उरल्यात पोचला म्हणजे मी देवाला नारळ बोलतो.

काम तसं कारकुनी. फायरवॉल म्हणजे दारावरचा दरवान, आणि त्याच्या हातात यादी: या या नेटवर्कमधून येणाऱ्याला आत सोड. रोज कोणीतरी नवं नेटवर्क घेऊन येतं, याला पण सोडा म्हणतं. मग पाहायचं, की हे नवं नेटवर्क यादीतल्या एखाद्या मोठ्या नेटवर्कच्या पोटात आधीच आहे का? असेल तर पुन्हा लिहायचं नाही. नाहीतर यादी गणपतीच्या वर्गणीच्या वहीसारखी होते: काका वेगळे, काकांची सही वेगळी, आणि काकूंनी परस्पर दिलेले एकावन्न वेगळे.

हे पाहण्याचं काम मी स्क्रिप्टला दिलं. कसं? यादीत १०.१ होतं. मी लिहिलं, नवा पत्ता '१०.१'ने सुरू होत असेल तर तो आत आहे असं समज. तीन दिवस सगळं सुरळीत. चौथ्या दिवशी उरल्याच्या गोदामातल्या वजनकाट्याचं नवं नेटवर्क आलं, १०.१०.४.०. स्क्रिप्टने पाहिलं: सुरुवात काय? एक, शून्य, टिंब, एक. वा, आपलाच माणूस! "आधीच आत आहे," असा शेरा मारून ती पुढे गेली. आणि दरवान वजनकाट्याला दारातच अडवून उभा.

पुढे मी शांतपणे हिशेब केला. १०.१ या चार अक्षरांनी सुरू होणारी नेटवर्कं एकशे अकरा निघतात: एक स्वतः १०.१, मग १०.१० ते १०.१९ ही दहा, आणि १०.१०० ते १०.१९९ ही शंभर. त्यातलं एक माझं. बाकी एकशे दहा नुसती आडनावबंधू.

पण हा हिशेब नंतरचा. त्या रात्री मी काट्यावर उभा होतो. भरलेला ट्रक काट्यावर चढलेला, पडद्यावर वजन दिसतंय, पण पावती निघत नाही कारण वजन सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मागे एकवीस ट्रक. तिसऱ्या ट्रकच्या चाकाआड एक ड्रायव्हर छोट्या स्टोव्हवर तवा ठेवून पोळ्या लाटत होता, पोळपाट म्हणून उलटं केलेलं ऑइलच्या डब्याचं झाकण. त्याने एक पोळी उलटली आणि वर न बघता विचारलं, "साहब, सिस्टम में घुस नहीं रहा, कि निकल नहीं रहा?"

मी म्हटलं, "सिस्टम बोल रहा है कि पहले से घुसा हुआ है."

त्याने मान डोलावली. सरकारी कामाचा अनुभव असलेला माणूस. म्हणाला, "तब तो सुबह ही होगा." आणि एक पोळी मला दिली. इंटरनेटच्या इतिहासात चुकीच्या प्रोग्रामबद्दल मिळालेली ही बहुधा एकमेव गरम पोळी.

सकाळी घरी आलो तर बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले. बाबा स्टील प्लांटमधून निवृत्त झालेत, क्वार्टर लीजवर घेतलंय. कॉम्प्युटरचं त्यांना वावडं नाही, पण कोणी अवघड शब्द वापरला की ते चष्मा काढून ठेवतात. मी विचारलं, "बाबा, आपला पत्ता सांगा."

"झोप नाही झाली वाटतं," ते म्हणाले, पण सांगितला. भिलाईचे पत्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी: इथे गल्ल्यांना थोरामोठ्यांची नावं नाहीत. क्वार्टर अमुक, सडक ५, सेक्टर ६. संपलं. १९५५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि भट्टीभोवती गाव असं आखलं गेलं की नकाशा वहीच्या चौकोनी कागदावर उतरवावा. (आमचा क्वार्टर नंबर मुद्दाम देत नाही. पाहुणे येतात.)

एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर तो पत्ता होता. मी त्यातल्या क्वार्टर नंबरावर बोट ठेवलं. "आता काय उरलं?"

"सडक ५, सेक्टर ६."

"म्हणजे या सडकेवरची सगळी घरं. आता सडकही झाका."

"पूर्ण सेक्टर."

"झालं. याला मास्क म्हणतात. पत्त्याचा किती भाग उघडा ठेवायचा ते तिरक्या रेघेनंतर लिहितात. एकूण ३२ खुणा असतात. /२४ म्हणजे २४ उघड्या, ८ झाकलेल्या, आत २५६ पत्ते. /१६ म्हणजे ६५,५३६. /८ म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. लहान नेटवर्क मोठ्यात आहे का हे पाहायचं तर मोठ्याचं बोट लहानावर ठेवायचं. उघडा भाग तंतोतंत जुळला की ते पोटात."

बाबांनी चष्मा परत लावला. "म्हणजे आकडा जेवढा लहान तेवढा साहेब मोठा. क्लास वन, क्लास फोर."

मला हेवा वाटला. इंटरनेटवरही आधी असे वर्गच होते, अ, ब आणि क. अ-वाल्याला पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते, ब-वाल्याला ६५,५३६, क-वाल्याला २५६, यांच्या अधल्यामधल्या गरजेचा विचारच नाही. १९९३ साली ते वर्ग मोडीत काढले आणि रेघ हवी तिथे मारायची मुभा दिली. सरकारी नोकरीत अ, ब, क अजून शाबूत आहेत. इंटरनेटवाल्यांना युनियन नव्हती.

मग बाबांनी पाकीट उलटसुलट करून असा प्रश्न विचारला की मी गारच झालो. "पण आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. आधी घर, मग सडक, मग सेक्टर. तुझा पत्ता उलटा आहे."

खरं आहे. आयपी पत्त्यात थोरला डावीकडे. आणि गंमत अशी, की ज्यांनी हे गाव उभारून दिलं ते रशियन इंजिनिअर घरी पत्र पाठवताना पाकिटावर असंच लिहीत. सोव्हिएत पद्धतीत आधी देश, मग शहर, मग रस्ता, मग घर आणि सर्वांत शेवटी माणसाचं नाव. आपण नावापासून सुरू करतो, कारण आपल्याला माणूस आधी दिसतो. पोस्टमन मात्र दोन्हीकडे पाकीट खालून किंवा वरून, पण सेक्टरपासूनच वाचतो.

बाबांना आणखी एक गोष्ट न सांगता कळली. सडक ५ काही एकाच सेक्टरमध्ये नसते. नुसतं "सडक ५ला या" म्हणणाऱ्या माणसाकडे भिलाईत कोणी जेवायला पोचत नाही. घरोघरच्या वायफायचं तेच. १९९६च्या फेब्रुवारीत तीन पट्टे खासगी म्हणून सोडून दिले: १०चा सगळा, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८चा. कोणीही, कितीही वेळा, न विचारता वापरा. त्यामुळे माझ्या घरातला टीव्ही आणि शेजाऱ्यांचा टीव्ही यांचा पत्ता अक्षरशः एक असू शकतो, आणि दोघांनाही त्याचं काही नाही. अडचण येते ती मी घरून कचेरीच्या नेटवर्कात शिरतो तेव्हा. दोन्हीकडे १९२.१६८.१. मी कचेरीतल्या प्रिंटरला कागद पाठवतो, आणि माझ्या घरातला सेट-टॉप बॉक्स विचारात पडतो.

यातला मधला पट्टा माझ्यासारख्यांसाठीच ठेवलेला दिसतो. अक्षरं बघून काम करणाऱ्याला तो सापडतच नाही. १७२.२० आत आहे, १७२.३१ आत आहे, १७२.३२ बाहेर. कानामात्रा बघून हे कळायचं नाही; आकडा म्हणूनच मोजावं लागतं. वजनकाट्याच्या दुसऱ्या दिवशी मी नुसतं एक टिंब वाढवून "१०.१." असं करणार होतो. या पट्ट्याने वाचवलं.

तर स्क्रिप्ट नव्याने लिहायला घेतली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २०१८च्या जूनमध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीत यासाठी तयार सोय आहे, 'सबनेट-ऑफ'. म्हणजे अमुक तमुकच्या पोटात आहे का, एवढं विचारायचं. पण विचारण्याआधी पायथन पत्ता तपासून घेतं, आणि त्याचा स्वभाव मामांचा आहे. मी दिलं १०.१.२.३/२४. ते भडकलं: होस्ट बिट्स लागलेले आहेत! मतलब असा, की एकीकडे तू अख्खी सडक म्हणतोस आणि वर घराचा नंबरही देतोस. नक्की काय ते ठरव. 'स्ट्रिक्ट' बंद केलं की निमूट घर झाकून सडक घेतं. एकाने एक्सेलमध्ये रकाने सरळ दिसावेत म्हणून ०१०.००१ असे शून्यं लावलेले पत्ते पाठवले होते. ते तर ३.९.५पासून पायथन दारातही उभे करत नाही, कारण काही जुन्या प्रणाली पुढचं शून्य दिसलं की आठच्या पाढ्यात वाचतात आणि ०१०चे आठ करतात. हे मी त्या माणसाला समजावलं. तो म्हणाला, "पण छान दिसून राह्यलं होतं."

खरी सत्त्वपरीक्षा दिशेची. अँसिबलमध्ये हाच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. 'नेटवर्क-इन-नेटवर्क' नावाच्या गाळणीत मोठं आधी लिहायचं आणि लहान कंसात. 'सबनेट-ऑफ' या चाचणीत लहान आधी, मोठं नंतर. एका ठिकाणी "सासरी सून आहे का?", दुसऱ्या ठिकाणी "सून सासरी आहे का?". ऐकायला एकच. पण एकातला क्रम दुसऱ्यात वापरला की प्रश्न होतो "सासर सुनेच्या मुठीत आहे का?", आणि त्याचं उत्तर यंत्र निर्विकारपणे 'नाही' असं देतं. घरात विचारून पाहा, इतकं झटकन मिळणार नाही. मी दोन दिवस सगळीकडून 'नाही' 'नाही' मिळवलं आणि दरवानाची यादी चारशे ओळींनी फुगवली.

त्या चारशे ओळी आवरताना यादीच्या तळाशी सापडलं ०.०.०.०/०. तिरक्या रेघेनंतर शून्य, म्हणजे काहीच उघडं नाही, अख्खा पत्ता हाताखाली झाकलेला. याच्या पोटात सगळं जग. वजनकाट्याच्या त्या रात्रीनंतर कोणीतरी घाईत "सध्यापुरतं" म्हणून टाकलेलं. प्रत्येक आळीत अशी एक मावशी असते, कोणाचंही नाव काढा, "अग ते आपल्यातलेच!" दरवानाच्या यादीत ती मावशी असली की दरवानाला पगार कशाला द्यायचा, हा प्रश्न मालकांनी विचारायच्या आत मी ती ओळ काढली.

या साऱ्या गणितात एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर मी अजून फिदा आहे. तिरक्या रेघेची दोन नेटवर्कं घ्या, कुठलीही. एकतर एक दुसऱ्याच्या पोटात असतं, किंवा दोघांचा काडीचा संबंध नसतो. अर्धं आत, अर्धं बाहेर हा प्रकारच नाही. कारण रेघ नेहमी दुप्पट-निमपटीच्या टप्प्यावरच पडते. एवढा स्वच्छ व्यवहार मी माणसांत पाहिला नाही. आमची वहिनी तेलुगू, सेक्टर ५मध्ये वाढलेली. पाडव्याला आणि उगादीला दोन्ही घरं तंतोतंत एक होतात. दिवस एक, कडुलिंब एक, गूळ एक. पायथनला विचारलं तर दोन सारख्या नेटवर्कांना ते दोन्ही बाजूंनी 'हो' म्हणतं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोटात. फक्त कडुलिंबाची पानं घ्यायची की फुलं, यावर आई आणि वहिनी दर वर्षी ओट्याशी पाच मिनिटं गप्प उभ्या राहतात. ते पाच मिनिटांचं अर्धं-आत-अर्धं-बाहेर कुठल्याच रेघेने लिहिता येत नाही.

आणि गावाचं काय सांगावं! दुर्ग आणि भिलाई. जनगणनेत आमचं नाव 'दुर्ग-भिलाईनगर'. मध्ये आडवी रेघ. तिरकी मारली असती तर कोण कोणात हे कळलं असतं, म्हणूनच आडवी मारली असावी. भिलाई दुर्ग जिल्ह्यात. पण दुर्ग म्हणजे कुठे, असं मुंबईत कोणी विचारलं की दुर्गचा माणूस आवंढा गिळून "भिलाईजवळ" म्हणतो. महापालिका मोजा: दुर्गची वेगळी, भिलाईची वेगळी, भिलाई-चरोद्याची वेगळी, आणि आता रिसालीचीही वेगळी. आयआयटी भिलाई आहे कुटेलाभाठ्यात. भिलाईच्या भट्टीला लोहखनिज येतं दल्ली राजहऱ्याहून. ते २०११पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, २०१२च्या जानेवारीत बालोद जिल्हा झाला आणि डोंगर जागचा न हलता परजिल्ह्यात गेला.

माझी आजी तर दुर्गच्या एकाच घरात लग्नापासून शेवटपर्यंत राहिली. ती त्या घरात आली तेव्हा तिची राजधानी नागपूर होती, माहेरच. १९५६च्या १ नोव्हेंबरला ती भोपाळ झाली. २०००च्या १ नोव्हेंबरला रायपूर. आजीने उंबरा ओलांडला नाही, राज्यंच तिच्यावरून गेली. तिचे सासरे सांगत, की १९०६च्या आधी दुर्ग हा जिल्हाच नव्हता, रायपूर जिल्ह्यात होतं. तेव्हा रायपूर राजधानी झाल्यावर आजी एवढंच म्हणाली, "म्हणजे फिरून तिथेच." घराचा पत्ता तोच, वरची बोटं तेवढी सरकत राहिली.

हे सगळं मी मागच्या दिवाळीत जेवताना मामांना समजावून सांगितलं होतं. पाकीट, बोट, मास्क, सगळं. मामा आता थकलेत, पण शुद्धलेखन तसंच आहे. यंदा त्यांनी पॅसेंजरची भानगडच ठेवली नाही. सरळ एक्सप्रेसने दुर्गला उतरले, आणि फोन केला: "मी दुर्गात आहे. भिलाई दुर्गातच येते ना?"

"हो मामा, जिल्हा दुर्गच."

"मग झालं. ऑटो करतो."

फोन चालूच राहिला होता. मामा ऑटोवाल्याला पूर्ण पत्ता सांगत होते, रशियन क्रमाने: छत्तीसगड, जिल्हा दुर्ग, भिलाई, सेक्टर ६, सडक ५. ऑटोवाला मधेच म्हणाला, "अरे बाबूजी, सेक्टर सिक्स बोलो ना सीधा. बैठो. दो सौ अस्सी."

"दो सौ अस्सी? दुर्ग में सत्तर लगता है, ऐसा बोर्ड पे लिखा है."

"वो दुर्ग के अंदर का है."

"तो भिलाई दुर्ग में ही है!" मामांचा मास्तरी आवाज चढला. "जिला दुर्ग!"

"हाँ, जिला में है," ऑटोवाला म्हणाला, "भाड़ा में नहीं है."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग सामान ठेवल्याचा आवाज आला.